पकड फुकट, सुटका महाग

कोल्हापुरात ताकद म्हणजे पकड. नवा जावई असो की मुलाचा मित्र, आमच्याकडची म्हातारी माणसं आधी त्याचा पंजा हातात घेतात, जरा दाबून बघतात आणि मगच ‘बसा’ म्हणतात. मनगट भरलं नाही तर पोरगा कितीही शिकलेला असो, चहा येईपर्यंत त्याच्याबद्दलचं मत झालेलं असतं. तालीम या गावात एवढी मुरली आहे की फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्याच नावाने खेळतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. ज्यानं जन्मात एक जोर मारला नाही, तोही कुठल्या ना कुठल्या तालमीचा कार्यकर्ता असतोच. याचं मूळ अर्थात शाहू महाराजांत. स्वतः अंगानं दांडगे, कुस्तीचे दर्दी, देशभरातल्या मल्लांना आश्रय देणारे. १९१२ साली खासबागेचं मैदान त्यांनी खुलं केलं आणि कुस्ती बघणं हा या गावाचा धर्म होऊन बसला.

अशा गावात मी प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं. बेडकाचं रक्ताभिसरण शिकवताना मागच्या बाकांवर डुलक्या चालायच्या, पण स्नायूंचा धडा आला की तीच पोरं ताठ बसायची. कोणाचा भाऊ गंगावेस तालमीत, कोणाचा मामा मोतीबाग तालमीत. ‘सर, दंड फुगतो म्हंजे आत नेमकं काय हुतं?’ हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. त्याचं पुस्तकी उत्तर सोपं होतं. पेशीत एटीपी नावाचा ऊर्जेचा साठा असतो, तो खर्च होतो, स्नायू आखडतो. परीक्षेला एवढं पुरतं. मला मात्र त्या उत्तराच्या आत दडलेली एक उलटी गोष्ट सांगायला आवडायची, आणि ती सांगितली की वर्गातले पैलवान हमखास वाद घालायचे. ती गोष्ट मायोसिनची.

मायोसिन हे स्नायूतलं मुख्य प्रथिन. स्नायूतलं पाणी काढून टाकलं तर उरतं ते बहुतेक प्रथिनच, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा याचा. एक रेणू म्हणजे दोन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि एका टोकाला दोन डोकी. असे सुमारे तीनशे रेणू एकत्र येऊन एक जाड तंतू होतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडी जास्त. या तंतूच्या अंगावरून डोकी चहूबाजूंनी बाहेर आलेली असतात. शेजारी ॲक्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक तंतू असतात. डोकं ॲक्टिनला धरतं, मान वाकवून ओढतं, सोडतं, पुढे जाऊन पुन्हा धरतं. एका ओढीत तंतू सरकतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. खासबागेत एखादा गडी समोरच्याला कमरेवरून उचलून मागे फेकतो, तेव्हा अशा अब्जावधी डोक्यांनी एका क्षणात हे धरणं-सोडणं केलेलं असतं. तंतूंची लांबी तीच राहते. ते एकमेकांवरून नुसते सरकतात, आणि त्यांच्या सरकण्यानं स्नायू आखूड होतो. हे सरकणं ओळखलं गेलं १९५४ साली. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ आले. एकात अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली एकमेकांचे नात्यानं कोणीही नव्हेत. विद्यार्थी मात्र उत्तरपत्रिकेत त्यांना बिनदिक्कत भाऊ करून टाकायचे.

या प्रथिनाला नाव मिळालं ते त्याच्या नव्वद वर्षं आधी. जर्मनीतल्या विल्हेल्म क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून एक चिकट द्रव काढला आणि १८६४ मध्ये त्याला मायोसिन म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं मायोसिन म्हणजे स्नायूच्या बांधणीचा निव्वळ माल, अशीच समजूत होती. १९३९ साली मॉस्कोत व्लादिमिर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोवा या नवराबायकोनं दाखवलं की हे प्रथिन स्वतःच एटीपी फोडतं. म्हणजे विटा आणि भट्टी एकच. तिथून सूत्र हंगेरीतल्या सेगेद गावाकडे गेलं, आणि सेगेदची गोष्ट कोल्हापूरकरानं सांगितलीच पाहिजे, कारण ते गावही मिरचीचं आहे.

सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. क जीवनसत्त्व भरपूर मिळवायचं तर कशातून, या विवंचनेत असताना त्यांना गावातल्या तांबड्या ढोबळ मिरचीत, त्यांच्या पाप्रिकात, ते ढिगानं सापडलं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या मिरचीचा मोठा हात. (आमच्या तांबड्या रश्शाला अजून कोणी नोबेल दिलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) महायुद्ध सुरू झाल्यावर बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, आणि त्या एकांतात त्यांनी स्नायू हातात घेतला. त्यांच्या सहकारी इलोना बांगा सशाचा स्नायू कुटून मिठाच्या पाण्यात घालून मायोसिन काढत. वीस मिनिटांत काढलं की पातळ द्रव मिळायचा. एकदा तो कुटलेला स्नायू रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी द्रव दाट, लवचिक झालेला दिसला. एटीपी घातलं की हा दाटपणा जायचा. दाटपणाचं कारण होतं रात्रभरात मिठाच्या पाण्यात उतरलेलं दुसरं प्रथिन. ब्रुनो स्ट्राउब यांनी ते वेगळं केलं. तेच ॲक्टिन. दोन्हींच्या मिश्रणाचे धागे काढून त्यांच्यावर एटीपी टाकलं, तर ते धागे काचेच्या बशीत आपसूक आखडले. ना जनावर, ना मज्जातंतू, ना रक्त, आणि तरी हालचाल. आपल्या आयुष्यातला सर्वांत थरारक अनुभव तो, असं सेंट-ग्यॉर्गी पुढे सांगत. मिरचीपेक्षा आणि नोबेलपेक्षाही हे त्यांना मोठं वाटलं, यात मला त्यांची पारख दिसते.

आता त्या प्रयोगाकडे नीट बघा. एटीपी घातल्यावर द्रव पातळ झाला. म्हणजे मायोसिन आणि ॲक्टिन आधी एकमेकांना घट्ट धरून बसले होते, आणि एटीपी आल्यावर सुटले. वर्गातले पैलवान वाद घालायचे ते इथेच. पकडायला ताकद लागते, सोडायला कसली? ज्याला जमत नाही तो सोडतो. पण मायोसिनच्या पातळीवर हिशेब असा नाही. डोकं ॲक्टिनला एकदा घट्ट बिलगलं की तिथे राहायला त्याला काहीच खर्च येत नाही. तीच त्याची आवडती अवस्था. तिथून निघायचं असेल तर एटीपीचा एक नवा कण येऊन डोक्यात बसावा लागतो, आणि तो बसला की पकड सुटते. शिकागोत रिचर्ड लिम आणि एडविन टेलर यांनी १९७१ मध्ये या घटनांचा क्रम लावून दिला. आधी कण येतो आणि डोकं सुटतं. मग कण फुटतो आणि डोकं मागे ताणून सज्ज होतं. मग ते पुन्हा पकडतं, आणि फुटलेल्या कणातला फॉस्फेट बाहेर पडताना ओढ बसते. ओढीची शक्तीही त्याच कणातून आलेली असते हे खरं, पण ती आधीच भरून ठेवलेली. कण दाराशी येऊन सगळ्यात पहिलं काम करतो ते सोडवण्याचं. आणि सोडलं नाही तर दुसरी ओढ नाही. रस्सीखेचीत सगळ्यांनीच दोर धरून ठेवला आणि पुढे हात टाकायला कोणीच मूठ उघडली नाही, तर दोर तसूभरही हलणार नाही. स्नायूचं अगदी तसंच आहे.

याचा पुरावा प्रत्येक घरानं कधी ना कधी पाहिलेला असतो. माणूस गेला की घरातलं जाणतं माणूस रडणं बाजूला ठेवून आधी त्याचे डोळे मिटतं, हनुवटीखालून फडकं बांधतं, हातपाय सरळ करतं आणि पायाचे अंगठे जोडून बांधतं. उशीर झाला तर जमत नाही, हे त्याला माहीत असतं. काही तासांत देह ताठ होतो. श्वास थांबला, एटीपी तयार होणं थांबलं, आहे तो साठा संपत गेला. एकेक डोकं ॲक्टिनला बिलगलं आणि त्याला सोडवायला कोणी आलं नाही. मरणानंतरचा ताठरपणा म्हणजे शरीरातल्या सगळ्या मायोसिननं एकाच वेळी धरलेली, कोणालाही न सुटणारी पकड. ती ढिली होते तीही नव्या ऊर्जेनं नव्हे. दीड-दोन दिवसांनी पेशीतलीच पाचक विकरं त्या तंतूंची बांधणी कुरतडतात, तेव्हा. आयुष्यभर कुस्ती खेळलेला आणि आयुष्यभर गादीवर बसून हिशेब लिहिलेला, दोघंही यात सारखेच घट्ट.

मटणाच्या दुकानातही हाच खेळ चालतो. आमच्याकडे रविवारी सकाळी दुकानापुढे रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण ‘आत्ताच कापलंय न्हवं?’ विचारतो. ताज्या कापलेल्या मांसात थोडा वेळ एटीपी शिल्लक असतं, ते मऊ असतं. मग काही तासांत ते ताठरतं, आणि पुन्हा सैल व्हायला एखाद-दोन दिवस घेतं. थंड मुलखातले लोक म्हणूनच मांस गार खोलीत टांगून ठेवतात आणि मुरल्यावर खातात. कोल्हापुरात एवढा धीर कोणाला? आपण चुलीवर चढवून अळणी शिजवत ठेवतो. पन्नास अंशांच्या पुढेमागे मायोसिनची घडी विस्कटते, त्याहून वर ॲक्टिनची, आणि तास-दीड तासाच्या उकळीनं स्नायूंना बांधणारं कोलॅजेन विरघळून पाण्यात उतरतं. पांढऱ्या रश्शाला जो अंगचा दाटपणा असतो त्यात नारळाचं दूध आहे, खसखस आहे आणि हे उतरलेलं कोलॅजेनही आहे. मायोसिन मात्र रश्शात फारसं येत नाही, ते फोडीतच राहतं. म्हणून वाट्यावर वाट्या रस्सा ओरपून ‘ताकद आली’ म्हणणाऱ्या पाहुण्याला मी फोडही खायला लावतो.

शिजवलेलंच लागतं, यामागेही म्हणे एक मायोसिनच आहे. माकडांच्या जबड्याच्या स्नायूत एका विशेष प्रकारचं मायोसिन असतं. माणसात त्याचं जनुक मोडलेलं आहे. २००४ साली पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी हे दाखवलं आणि अंदाज बांधला की जबडा असा दुबळा झाल्यामुळे कवटीवरचा ताण कमी होऊन मेंदूला वाढायला जागा मिळाली असावी. बिघाड कधी झाला आणि मेंदूशी त्याचा खरंच संबंध आहे का, यावर बरीच भांडणं आहेत. मला तो अंदाज जरा जास्तच गोड वाटतो. पण जनुक मोडलं आहे यात वाद नाही, आणि गोरिला चावून खातो ते आपण चुलीवर का ठेवतो याचं अर्धं उत्तर तरी त्यात असेल.

पुन्हा तालमीत येऊ. पहाटे तिथे जाऊन बसलं तर जोर-बैठका आणि माती उकरणं याशिवाय फार काही दिसत नाही. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेली ती तांबडी माती, आणि तिच्यावर घाम गाळणारी पोरं. वस्ताद सगळ्यात जास्त काय बोलतात ते ऐका. नव्या पोराला दम देऊन ते ‘धर’ म्हणत असतील असं आपल्याला वाटतं. ते ओरडतात, ‘आरं, दगडागत ताठ काय झालाईस? अंग सोड की जरा!’ नवखा पोरगा समोरच्याला मिठी मारतो आणि सगळं अंग एकदम आवळतो. दंड, मान, पाठ, मांड्या, जबडासुद्धा. त्यात त्याचे पुढचे आणि मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसतात आणि दोन मिनिटांत त्याचा दम संपतो. मुरलेला पैलवान हाताला हात लावून सैल उभा असतो. पट काढायची किंवा ढाक लावायची वेळ आली की लागतील तेवढेच स्नायू आवळतो, आणि डाव फसला तर त्याच क्षणी मोकळा होऊन दुसरा टाकतो. धोबीपछाड बघताना आपण टाळ्या वाजवतो त्या उचलण्याला. वस्तादांची नजर असते ती त्याच्या आधीच्या सैलपणावर. वस्तादांना लिम आणि टेलर माहीत असण्याचं कारण नाही, आणि गरजही नाही.

आणि थकवा म्हणजे काय? स्नायूत तयार एटीपी असतं ते जोराच्या कामाला जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढं. त्यामागे क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आणखी आठ-दहा सेकंद ओढतो. पुढे साखर जाळून आणि प्राणवायू ओढून काम चालतं. स्नायू एटीपी पूर्ण संपू देत नाही. संपलं तर जिवंतपणीच ताठरायची वेळ येईल. म्हणून तो आधीच हात आखडता घेतो. फोडलेल्या कणांतला फॉस्फेट साचतो, ओढ कमी पडते, कॅल्शियमची ये-जा मंदावते. थकलेल्या स्नायूत आणखी एक गोष्ट मोजता येते, ती अशी की तो सैल व्हायला जास्त वेळ घेतो. दमलेल्या पैलवानाचे डाव ‘जड’ पडतात असं जाणकार म्हणतात ते यामुळेही. क्रिएटिन फॉस्फेट काही मिनिटांत पुन्हा भरतं, बाकीची झाडलोट व्हायला अर्धा तास तरी हवा.

अर्धा तास म्हटलं की कोल्हापूरकराला हेलसिंकी आठवतं. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पुढचं कमी जणांना आठवतं. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवून खाशाबा वर गेले. मग जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाली. ती पंधरा मिनिटांच्या वर चालली आणि थोडक्यात गेली. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं करण्यात आलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपल्याकडचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण त्या कांस्याचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण त्या अर्ध्या तासाचा राग मला आजही येतो. कोल्हापुरात कमावलेल्या त्या स्नायूंना आपलं झाडून-पुसून घ्यायला नियमानं दिलेला वेळ कागदावरच राहिला.

मायोसिन फक्त पैलवानाचं नाही, हेही सांगायला हवं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हायड्रिलाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की हिरवे कण पेशीच्या कडेनं फिरताना दिसतात. ते फिरवतं मायोसिन. तळ्यात उगवणाऱ्या कारा नावाच्या शेवाळातलं मायोसिन तर आपल्या स्नायूतल्या वेगवान मायोसिनच्याही दहापट वेगानं पळतं. पेशी दुभंगताना मधोमध जी चिमट बसते ती मायोसिनची. आतल्या कानातल्या बारीक केसांची ठेवण राखायला वेगळी मायोसिनं लागतात, ती बिघडली की मूल जन्मतः बहिरं होतं. दंड ही या प्रथिनाची एक नोकरी झाली. ती सर्वांत जुनी नव्हे, पण फोटो काढून घ्यायला सर्वांत हौशी.

खुराकाबद्दल एकदाच बोलतो, कारण लोक विचारतात. बदामाची थंडाई, तूप, अंडी, मटण, गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. आणि आता जिममधला प्रथिनाचा डबा. बकऱ्याचं मायोसिन खाऊन ते आपल्या दंडात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं होतात, आणि त्यांचं काय करायचं हे शरीर ठरवतं. ठरवतं ते कामावरून. ज्या स्नायूला रोज ताण पडतो तिथे नवं मायोसिन भरलं जातं, बाकीचं प्रथिन सरळ जळण म्हणून जातं. डब्यावरच्या चित्रातला दंड डब्यातून आलेला नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी महिन्याचे पुष्कळ पैसे वाचतील.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका स्नायूची, ज्याला विश्रांतीचा दिवसच नाही. हृदयही मायोसिनवर चालतं. दर ठोक्याला डोकी पकडतात, ओढतात आणि सोडतात. सोडलं की हृदय सैल होतं, आणि सैल होतं तेव्हाच त्यात रक्त भरतं. ज्या हृदयाला नीट सैल होता येत नाही ते कितीही जोरानं आवळलं तरी उपयोग काय, आत रक्तच पुरेसं नाही. निसर्गानं यावर एक तजवीज केली आहे. निवांत असताना मायोसिनची बरीचशी डोकी मागे वळून आपल्याच तंतूला टेकून झोपतात आणि एटीपी जवळजवळ खर्चत नाहीत. त्यांना असं टेकवून ठेवायला मदत करणारं आणखी एक प्रथिन आहे, मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी. एका अर्थी हृदयातला वस्तादच म्हणा, ‘अंग सोड’ म्हणणारा.

हे बिघडलं की डोकी विनाकारण जागी राहतात, जास्त पकडतात. हृदय जोरात आवळतं, उशिरा सैल होतं, आणि वर्षानुवर्षांत त्याच्या भिंती जाड होत जातात. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. पाचशे माणसांत एकाला तो असतो असा अंदाज आहे. १९९० मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून हार्वर्डच्या क्रिस्टीन आणि जोनाथन सायडमन यांच्या गटानं दाखवलं की दोष हृदयाच्या मायोसिनच्या जनुकातच आहे. त्या कुटुंबात पिढ्यान् पिढ्या माणसं ऐन उमेदीत अचानक जात होती. पुढे कळलं की मायोसिनइतकाच दोष त्या ‘प्रोटीन सी’च्या जनुकातही आढळतो. आणि इथे आपला संबंध येतो. २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये पेरुंदुराई धंदपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी एक शोध मांडला. या जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली असण्याचा एक प्रकार भारतीय उपखंडातल्या लोकांत शंभरात सुमारे चार जणांत सापडतो. प्रदेशागणिक, समाजागणिक हे प्रमाण कमी-जास्त होतं. एखादा दोष इतका सर्रास असणं विरळाच.

घाबरून जाण्याचं मात्र कारण नाही. ही गळती असणाऱ्या बहुतेकांचं तरुणपण बिनघोर जातं. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की ती एकटी फारशी खलनायक नाही, त्याच जनुकात जोडीला असलेला दुसरा एखादा बदल काही जणांत खरं नुकसान करतो. औषधाच्या बाजूनंही चित्र पालटतं आहे. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये मावाकॅम्टेन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. आजवरची औषधं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळत. हे औषध थेट मायोसिनला जाऊन धरतं आणि जागी डोकी पुन्हा टेकवून झोपवतं. सेगेदच्या बशीत आखडलेल्या धाग्यांपासून ऐंशी वर्षांनी माणूस इथपर्यंत आला.

अडचण आहे ती आपल्या पैलवानी गावात. भरपूर व्यायामानंही हृदयाच्या भिंती जाड होतात, आणि ते निरोगी असतं. त्यामुळे तालमीतल्या पोराचं हृदय ‘दांडगं’ आहे असं ऐकून घरचे खूश होतात. ते दांडगेपण मेहनतीचं की आजाराचं, हे नुसत्या छातीच्या घेरावरून कळत नाही. त्याला ईसीजी आणि इको लागतो, आणि तो वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ लागतो. सांगली, सातारा, सोलापूर, सीमाभागातून शेकडो पोरं दर वर्षी कोल्हापूरच्या तालमींत राहायला येतात. खुराकाला आईबाप जमीन विकायलाही मागेपुढे पाहत नाहीत. त्या खर्चापुढे ही तपासणी काहीच नाही.

म्हणून तालीम चालवणाऱ्यांना आणि पोरांना तालमीत घालणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा पोरगं मेहनत करताना कधी चक्कर येऊन पडलं असेल, छातीत दुखतंय म्हणालं असेल, तर ‘ऊन लागलं असंल’ म्हणून सोडून देऊ नका. लंगोट बांधायच्या आधी एकदा इको करून घ्या, आणि दोष निघाला तर भावंडांचाही करून घ्या.